लाइट जाऊन आली की घरातले जुने कॉम्प्युटर एकमेकांना सापडत नाहीत: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं बघा. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय हे ठरलं की पुढची निम्मी तपासणी वाचते.

पहिलं लक्षण सगळ्यात जास्त दिसणारं. दोन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट छान चालतंय, पण हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून उघडत नाही. काल उघडत होतं. मध्ये काय झालं विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही, फक्त लाइट गेली होती.'

दुसरं, एका कॉम्प्युटरवरून दुसरा उघडतो, पण उलट दिशेने उघडत नाही. तिसरं, नेटवर्कमध्ये नाव दिसतं, पण त्यावर क्लिक केलं की बराच वेळ गोल फिरतं आणि शेवटी ८००७००३५ असलेला एरर येतो, म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही. चौथं, पासवर्ड विचारतो आणि बरोबर टाकला तरी घेत नाही. पाचवं, एका कॉम्प्युटरवर इंटरनेटसुद्धा नाही, खाली कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आहे.

ठाण्यात आणि नवी मुंबईत मे अखेरच्या वळवापासून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत माझ्याकडे हीच तक्रार येत राहते. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग असो, घोडबंदरचा टॉवर असो की कोपरखैरण्याचं सिडकोचं घर, जोडणी साधारण सारखीच असते. फायबरवाल्याने बसवलेला डबा, कधी त्याला जोडलेला घरचा जुना राउटर, विंडोज ७ चा एक डेस्कटॉप, त्याला प्रिंटर, आणि एकदोन लॅपटॉप. कॉम्प्युटर जुना आहे म्हणून बिघडला, असं घरातले धरून चालतात. दहातल्या नऊ वेळा मशीन धडधाकट असतं. लाइट गेल्यावर फक्त कोणाला कुठला पत्ता मिळाला आणि कोण कोणाला ओळखतो, हे बदललेलं असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, आणि धोक्याचं सगळ्यात शेवटी.

सुरू करायचा क्रम

सगळं बंद करा. आधी फायबरचा डबा चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग घरचा राउटर असेल तर तो. त्यानंतर ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर किंवा प्रिंटर आहे तो, आणि बाकीचे शेवटी.

याला कारण आहे. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) राउटर देतो. लाइट आल्या आल्या डेस्कटॉप चालू झाला आणि राउटर अजून उठतोच आहे, तर डेस्कटॉपने विचारलेल्या पत्त्याला उत्तर मिळत नाही आणि तो स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेऊन बसतो. काही जुन्या डेस्कटॉपमध्ये लाइट आली की आपोआप चालू व्हायची सोय असते, तिथे हे हमखास होतं.

नुसती केबल काढून दहा सेकंदांनी परत लावली तरी कॉम्प्युटर नव्याने पत्ता मागतो. एवढ्यावर काम झालं तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. रोजचा त्रास संपतो.

जॅक आणि केबल

डेस्कटॉपच्या मागे मोबाइलची बॅटरी मारून बघा. केबल जिथे घुसते तिथे दिवा लागलाय का? दिव्याचा रंग कंपनीप्रमाणे बदलतो, त्यामुळे रंगावरून निष्कर्ष काढू नका. दिवा लागलाय की नाही एवढंच बघा. लागला नसेल तर जॅक आत दाबा आणि 'टक्' असा आवाज येतो का ऐका. जुन्या केबलच्या जॅकचा प्लॅस्टिकचा खटका तुटलेला असतो. अशी केबल लागल्यासारखी दिसते, पण फरशी पुसताना सीपीयूला धक्का लागला की दोन मिलिमीटर मागे सरकते. तेवढं पुरे होतं.

वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीच्या बाजूला आणखी एक गोष्ट दिसते. जॅकच्या आठ पिवळ्या पट्ट्यांवर हिरवट काळपट थर चढतो. पावसाळ्यातला दमट वारा आणि वर्षभर न हललेली केबल असली की हे होतं. सगळं बंद करून जॅक चारपाच वेळा आतबाहेर केला तरी फरक पडतो. फार थर असेल तर जॅक कापून नवा लावायचा. केबलवाला हे पाच मिनिटांत करून देतो.

मग राउटरचं भोक बदलून बघा, आणि जी केबल नक्की चालते ती इथे लावून बघा. या दोन अदलाबदलींनी दोष केबलचा, राउटरचा की कॉम्प्युटरचा हे एक पैसा न घालता कळतं.

जुन्या कार्डाचा वेग १०० मेगाबिट असतो म्हणून लगेच नवं कार्ड घेऊ नका. त्या वेगात सेकंदाला साधारण ११ मेगाबाइट जातात, म्हणजे ४ जीबीचा व्हिडिओ सहाएक मिनिटांत. पत्रं, बिलं, फोटो यांना हे भरपूर आहे. १०० मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात (१, २, ३ आणि ६). त्यामुळे दुसरी एखादी तार तुटलेली असली तरी जुना कॉम्प्युटर चालतो आणि त्याच केबलवर नवा लॅपटॉप अडखळतो. दोष मात्र लॅपटॉपला दिला जातो.

घड्याळ

लाइट गेल्यावर जुन्या डेस्कटॉपची तारीख मागे जाते का, हे आवर्जून बघा. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटण सेल असतो. तो संपला की प्लग बंद होताच घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग वेबसाइट 'सर्टिफिकेट बरोबर नाही' म्हणतात आणि दुसरा कॉम्प्युटरही वेळेतल्या फरकामुळे ओळख नाकारू शकतो. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. प्लग काढून झाकण उघडायचं, जुना सेल कुठली बाजू वर होती ते बघून काढायचा, नवा बसवायचा. चालू झाल्यावर तारीख नीट करायची.

पत्ता: खरा घोळ इथेच असतो

दोन्ही कॉम्प्युटरवर काळी कमांडची खिडकी उघडा (स्टार्टमध्ये cmd टाइप करून) आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड इंग्रजीत, सलग, टाइप करा. 'आयपीव्ही४' समोरचा आकडा कागदावर लिहून घ्या. तीन शक्यता आहेत.

आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. सुरू करायचा क्रम आणि केबल या दोन पायऱ्यांवर परत जा. पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

दोन्हींचे पहिले तीन आकडे सारखे असतील, म्हणजे १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.९ असं काही, तर छान. पुढच्या भागाकडे चला.

पहिले तीन आकडे वेगळे असतील, म्हणजे एक १९२.१६८.१ वाला आणि दुसरा १९२.१६८.० वाला, तर तुमच्या घरात दोन राउटर आहेत आणि कॉम्प्युटर दोन वेगळ्या राउटरवर बसलेत. 'इकडून उघडतं, तिकडून उघडत नाही' हे लक्षण बहुतेक यातूनच येतं. फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो. आधीच्या कनेक्शनचा राउटर टाकवत नाही, म्हणून लोक तोही त्याला जोडतात. आतला राउटर सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा वागतो: आतल्याला बाहेर जाऊ देतो, बाहेरच्याला ओळख नसताना आत सोडत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. लाइट जाऊन आल्यावर लॅपटॉपने दोनपैकी दुसरं वायफाय पकडलं की झालं.

सोपा उपाय म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर एकाच डब्याला जोडा आणि लॅपटॉपला दुसरं वायफाय 'विसरायला' लावा. आतल्या खोलीत रेंजसाठी दुसरा राउटर हवाच असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' आहे का बघा आणि तो निवडा. नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या डब्याशी टक्कर होणार नाही असा द्यायचा, आणि डब्याकडून येणारी केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकाऐवजी 'लॅन' लिहिलेल्या भोकात लावायची. मग पत्ते वाटणारा एकच उरतो.

लॅपटॉप 'गेस्ट' नावाच्या वायफायवर तर नाही ना, हेही इथेच बघून घ्या. गेस्ट वायफाय मुद्दामच एका उपकरणाला दुसऱ्यापासून वेगळं ठेवतं.

आता लाइट गेल्यावर दरवेळी तुटण्याचं मुख्य कारण. राउटर नव्याने उठला की पत्ते नव्याने वाटू शकतो. काल डेस्कटॉप शेवटी ५ होता, आज ८ झाला. तुमच्या शॉर्टकटमध्ये मात्र ५ च लिहिलेला आहे. यावर कायमचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. त्याला कुठे 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात, कुठे 'आयपी मॅक बाइंडिंग', कुठे 'स्टॅटिक लीज'. डेस्कटॉपच्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि त्याला हवा तो आयपी यांची जोडी तिथे एकदा लिहून ठेवली की लाइट कितीदा गेली तरी डेस्कटॉपला तोच पत्ता मिळतो. प्रिंटर नेटवर्कवरचा असेल तर त्याचीही जोडी लिहा. मला विचाराल तर या अख्ख्या लेखातली हीच एक गोष्ट आजच करा.

काही जण कॉम्प्युटरमध्येच पत्ता हाताने भरून ठेवतात. डेस्कटॉपला ते चालतं, पण राउटर जे आकडे वाटतो त्यांच्या बाहेरचा आकडा घ्यावा लागतो, नाहीतर तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला जातो आणि दोघंही अडकतात. लॅपटॉपला हे करूच नका, तो दुसऱ्या घरी नेला की तिथलं इंटरनेट चालत नाही.

घरचं नेटवर्क की सार्वजनिक

राउटर बदलला, रीसेट केला किंवा मोठं अपडेट आलं की विंडोजला ते नेटवर्क नवीन वाटतं आणि ते त्याला 'पब्लिक' ठरवू शकतं. पब्लिक म्हटलं की फायरवॉल फाइल शेअरिंगचा दरवाजा बंद करतो. स्टेशनवरच्या किंवा कॅफेतल्या वायफायसाठी ते योग्यच आहे, घरात मात्र अडचण. विंडोज १० आणि ११ मध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा. विंडोज ७ मध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये नेटवर्कच्या नावाखाली क्लिक करून 'होम' किंवा 'वर्क' निवडा. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू करा.

डिस्कव्हरी चालू करून सेव्ह केलं तरी परत बंदच दिसत असेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' आणि 'एसएसडीपी डिस्कव्हरी' या सर्व्हिस चालू करा. पहिलीला 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' ठेवा. आणि जुन्या कॉम्प्युटरवर मुदत संपलेला अँटिव्हायरस पडून असतो, त्याचा स्वतःचा फायरवॉल अजूनही दरवाजा अडवत असतो. तो पूर्ण काढा. विंडोजचा फायरवॉल चालू राहू द्या.

नावाने नाही, पत्त्याने उघडा

रन खिडकीत (विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबलं की उघडते) दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच डेस्कटॉपचा पत्ता टाका, एंटर मारा. फोल्डर उघडलं? मग तुमचं नेटवर्क ठणठणीत आहे. फक्त शेजारच्या कॉम्प्युटरांची नावं दाखवणारी यादी भरत नाहीये. त्या यादीच्या मागे लागू नका. आरक्षित पत्त्याचा शॉर्टकट करा किंवा ड्राइव्ह मॅप करा, म्हणजे ते फोल्डर वेगळ्या ड्राइव्हसारखं दिसेल, आणि कामाला लागा.

होमग्रुप, म्हणजे विंडोज ७ मधली घरगुती शेअरिंगची सोय, शोधत असाल तर तो विंडोज १० मधून २०१८ च्या एप्रिलच्या आवृत्तीत काढून टाकला आहे. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.

पासवर्ड

घरातल्या जुन्या डेस्कटॉपला सहसा पासवर्ड नसतोच. कॉम्प्युटर आजोबांना लागतो, आल्यागेल्याला लागतो, म्हणून ठेवलेला नसतो. पण पासवर्ड नसलेल्या खात्याने समोर बसून लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून येता येत नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. लॅपटॉपचा चार आकडी पिनही नेटवर्कवर चालत नाही. तो त्या मशीनपुरताच असतो.

यावर स्वच्छ उपाय असा. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे तिथे शेअरिंगपुरतं एक वेगळं लोकल खातं उघडा, साधं नाव आणि नीट पासवर्ड. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगला जाऊन त्या खात्याला वाचायची किंवा लिहायची परवानगी द्या. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' वापरलं असेल तर सिक्युरिटीच्या टॅबमध्येही त्याच खात्याला परवानगी द्यावी लागते. एकीकडे दिली आणि दुसरीकडे राहिली की 'ॲक्सेस डिनाइड' येतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पासवर्ड विचारला की आधी डेस्कटॉपचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव टाका. तरी घेत नसेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो, तो पुसा.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. घरातलं वायफाय पाहुण्यांना, क्लासच्या मुलांना दिलेलं असतं. शिवाय विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती असं बिनपासवर्डचं शेअर मुळात उघडतच नाही.

फोल्डर उघडतं पण शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी ११बी असलेला एरर येतो, असं असेल तर ते सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर सुरू झालं आहे. एक कॉम्प्युटर अपडेट झालेला, दुसरा जुनाच राहिलेला, म्हणून दोघांचं जमत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, हात घालण्यापेक्षा पीडीएफ करून शेअर फोल्डरमध्ये टाका आणि प्रिंटर असलेल्या कॉम्प्युटरवरून छापा.

एसएमबी१: इथे थांबून विचार करा

व्हिडिओ बघून बहुतेक लोक सगळ्यात आधी जे करतात ते मी शेवटी ठेवलंय. 'विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ वर टिक करा' हा सल्ला. एसएमबी ही फायली शेअर करायची विंडोजची भाषा. तिची पहिली आवृत्ती इतकी जुनी आणि उघडी आहे की मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये तिचा फायली पुरवणारा (सर्व्हर) भाग मुळातच येत नाही.

आणि विंडोज ७ ला ती लागतच नाही. व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजला एसएमबी २ येतं. तुमच्याकडे ७, १०, ११ एवढेच असतील तर एसएमबी१ ला हात लावायचं काहीही कारण नाही. ते चालू केल्यावर कधी कधी कॉम्प्युटरची नावं यादीत दिसायला लागतात, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. वरच्या पत्त्याच्या पद्धतीने तेच काम धोक्याशिवाय होतं.

एसएमबी१ शिवाय अडतं ते विंडोज एक्सपीचं. जुनं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डाँगल सांभाळून असलेली एक्सपीची मशीन्स ठाण्यात अजून आहेत, आणि त्यातल्या कामाचं मोल मी जाणतो. पण एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षा अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्या मशीनला इंटरनेट आणि घरचं नेटवर्क दोन्ही देऊ नका. फायली पेन ड्राइव्हने न्या, आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर आधी स्कॅन करा. तिच्या एका सोयीसाठी घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं दार उघडं ठेवणं मला पटत नाही.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. त्यामुळे जुन्या मशीनवर बँकेचं काम करू नका, आणि शेअर फोल्डरची एक प्रत नेटवर्कला न जोडलेल्या ड्राइव्हवर ठेवा.

इथे हात लावू नका, माणूस बोलवा

सीपीयूच्या लोखंडी डब्याला किंवा केबलच्या जॅकला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नेटवर्क विसरा, लगेच प्लग बंद करा. अर्थिंग नाही किंवा तुटलंय. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तारच नसते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोपर्यंत दोन कॉम्प्युटर तांब्याच्या केबलने जोडू नका.

वीज कडाडून गेल्यावर कुठलीही केबल लावली तरी पोर्टचा दिवा लागत नसेल, तर पोर्ट जळला आहे. गच्चीवरून किंवा दुसऱ्या विंगमधून बाहेरून आलेली केबल असली की हे जास्त होतं. यूएसबीचं लॅन कार्ड लावून कॉम्प्युटर पुन्हा वापरता येतो, पण जळका वास असेल किंवा मदरबोर्डवरचे छोटे उभे डबे फुगलेले दिसत असतील तर मशीन चालू न करता दुरुस्तीवाल्याकडे न्या.

केबल भिंतीतल्या पाइपातून विजेच्या तारांबरोबर गेली असेल, किंवा डक्टमधून, खिडकीबाहेरून गेली असेल, तर ती ओढू नका आणि छज्ज्यावर उतरू नका.

फायबरच्या डब्यावरचं बारीक भोकातलं रीसेटचं बटण पिनेने दाबू नका. त्यात इंटरनेटवाल्याने भरलेली लॉगिनची माहिती पुसली जाऊ शकते, मग इंटरनेटही जातं. लॅनचं सेटिंग उघडत नसेल तर त्यांनाच फोन करा.

हार्ड डिस्कमधून 'टक टक' असा सारखा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी डेटा परत मिळायची शक्यता कमी होते. शेअर फोल्डरमधल्या फायलींची नावं अचानक बदलली आणि पैसे मागणारा मजकूर दिसला, तर सगळ्या कॉम्प्युटरांच्या केबल काढा, वायफाय बंद करा, काहीही पुसू नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा.

माणूस आला की त्याला तुमचा कागद दाखवा: दोन्ही कॉम्प्युटरचे पत्ते, कुठला कुठल्या डब्याला जोडलाय, एररचे आकडे, आणि काय काय करून झालं. त्याने काही न बघता 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हटलं तर का, ते विचारा. एकमेकांना न सापडणाऱ्या कॉम्प्युटरसाठी फॉरमॅट जवळपास कधीच लागत नाही, आणि ज्या डेस्कटॉपवर घरातले पंधरा वर्षांचे फोटो आणि हिशेब आहेत तो प्रत काढल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका.